नेम धरताना डोक्यात कोण बोलतं?

5 ऑगस्ट 2023. बर्लिनमधल्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत कंपाउंड प्रकाराच्या, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या, अंतिम सामन्यात साताऱ्याच्या अदिती स्वामीने 150 पैकी 149 गुण मिळवले. पंधरा बाणांतले चौदा दहाच्या वर्तुळात, एक नऊवर. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. त्याच दिवशी ओजस देवतळेने पंधराच्या पंधरा बाण दहात घातले. ओजस मूळचा नागपूरचा, पण सराव साताऱ्यात. दोघंही प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेले.

या खेळात लक्ष्य 50 मीटरवर असतं आणि दहाचं वर्तुळ जेमतेम 8 सेंटिमीटर व्यासाचं. बाण सुटताना एका अंशाच्या विसाव्या भागाएवढा कोन चुकला, तर दहाचे नऊ होतात. एका बाणाला वेळ 20 सेकंद. हे सगळं सरावात जमणारे खूप असतात. समोर जगज्जेतेपद, शेजारी प्रतिस्पर्धी आणि चेहऱ्यावर कॅमेरा असताना जमणारे थोडे. त्या थोड्यांच्या डोक्यात त्या घडीला नेमकं काय चाललेलं असतं, याचा शोध गेली चाळीस वर्षं चालू आहे. गंमत अशी, की त्यातलं बरंचसं उत्तर धनुर्विद्येच्या मैदानावर सापडलं नाही. ते सापडलं गोल्फच्या हिरवळीवर, आणि तेही बहुतेक करून पटिंगमध्ये, म्हणजे होलजवळ आलेला चेंडू हलक्या हाताने ढकलून आत घालण्याच्या कामात.

गोल्फच का? कारण तिथे चेंडू स्थिर असतो. सांगलीच्या स्मृती मानधनाकडे वेगवान चेंडू येतो तेव्हा तिला जेमतेम अर्धं सेकंद मिळतं. एवढ्या वेळात विचार शिरायलाच जागा नसते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवताना समोरच्या मल्लाच्या हालचालीला उत्तर देत होते. गोल्फर आणि तिरंदाज यांना मात्र कुणी धक्का देत नाही, कुणी घाई करत नाही. सुरुवात त्यांनीच करायची असते. विचार करायला वेळ मिळतो, आणि घात तिथेच होतो. शिवाय गोल्फमध्ये चूक सेंटिमीटरमध्ये मोजता येते. होलचा व्यास 10.8 सेंटिमीटर. आठ फुटांवरून तिथे चेंडू घालायला सांगितलं तर व्यावसायिक खेळाडूंचेही साधारण निम्मेच प्रयत्न आत जातात. प्रयोगासाठी इतकी सोयीची अडचण शोधून सापडणार नाही.

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी गोल्फरच्या डोक्यावर डोळ्यांच्या हालचाली टिपणारं यंत्र बसवलं आणि 1992 मध्ये आपली निरीक्षणं छापली. चांगले खेळाडू फटका सुरू करण्याआधी चेंडूवरच्या एका ठिपक्यावर दोन सेकंदांच्या आसपास नजर रोखून ठेवत होते. चेंडू निघून गेल्यावरही नजर क्षणभर त्या मोकळ्या जागेवरच राहत होती. कच्चे खेळाडू चेंडू, काठी, होल, पुन्हा चेंडू असे भिरभिरत होते; त्यांची शेवटची नजर दीडएक सेकंदही टिकत नव्हती. व्हिकर्स यांनी या ठेहरावाला ‘शांत नजर’ म्हटलं. नंतर बास्केटबॉलच्या फ्री थ्रोपासून नेमबाजीपर्यंत अनेक खेळांत ती दिसली. इंग्लंडमध्ये सॅम्युअल व्हाइन आणि मार्क विल्सन यांच्या गटाने चांगल्या गोल्फरना ती मुद्दाम शिकवली, तेव्हा खऱ्या मैदानावर त्यांचे फेरीमागे पटिंगचे सुमारे दोन फटके वाचले. अठरा होलच्या खेळात दोन फटके ही चैन नव्हे, स्पर्धाच्या स्पर्धा तेवढ्यावर सुटतात.

शांत नजर का चालते, यावर संशोधकांचं अजून जुंपलेलं आहे. एक गट म्हणतो, मेंदूला अंतर, दिशा आणि जोर यांचा हिशेब जुळवायला तेवढा वेळ लागतो. दुसरा म्हणतो, डोळे एका जागी बांधले की मन इकडेतिकडे जात नाही. मला दोन्ही खरं वाटतं, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याचं कारण मेंदूच्या लहरींमध्ये आहे.

1984 मध्ये ब्रॅड हॅटफिल्ड आणि डॅनियल लँडर्स यांनी तरबेज रायफल नेमबाजांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले. चाप ओढण्याआधीच्या शेवटच्या सेकंदांत मेंदूच्या डाव्या कानशिलाकडच्या भागात अल्फा लहरी वाढत गेल्या. अल्फा म्हणजे सेकंदाला 8 ते 12 आवर्तनं. एखाद्या भागात त्या वाढल्या की तिथलं काम मंदावलं असं समजतात. डेब्रा क्रूज आणि लँडर्स यांना 1993 मध्ये पटिंग करणाऱ्या गोल्फरमध्येही हाच प्रकार दिसला. पुढच्याच वर्षी लँडर्स आणि सहकाऱ्यांनी धनुर्विद्येच्या वर्गातल्या अगदी नवख्या मुलांना कित्येक आठवडे तपासलं. नेम सुधारत गेला तसा डावीकडचा अल्फा वाढला आणि बाण सोडण्याआधी हृदयाचे ठोकेही हळू पडू लागले. म्हणजे हे वरदान घेऊन कुणी जन्मत नाही, सरावाने ते येतं.

बहुतेक माणसांची भाषा मुख्यत्वे डाव्या बाजूला असते. ‘कोपर वर, खांदा सैल, आता सोड’ अशी आतल्या आत चाललेली बडबड शमली, तर तिथली हालचालही शमणार. डोक्यात आवाज उरत नाही, नुसतं दिसणं उरतं. (यावरून ‘तुम्ही उजव्या मेंदूचे की डाव्या’ असले व्हॉट्सॲपी निष्कर्ष काढू नयेत. दोन्ही बाजू सतत कामात असतात, आणि कवटीवरून घेतलेल्या लहरी आतलं चित्र ढोबळच दाखवतात.) 2007 मध्ये जॉन मिल्टन आणि सहकाऱ्यांनी सहा व्यावसायिक महिला गोल्फर आणि सात नवख्या खेळाडूंना एमआरआय यंत्रात झोपवून शंभर यार्डांवरचा फटका मनात मारायला सांगितला. नवख्यांच्या मेंदूत भावनांशी जोडलेल्या भागांसह बरीच केंद्रं उजळली. व्यावसायिकांच्या मेंदूत थोडेच भाग कामाला लागले, आणि तेही मुख्यतः जागेचा अंदाज आणि हालचालीची आखणी करणारे.

मग दडपणाखाली बिघडतं काय? आपला समज असा, की भीतीने लक्ष उडतं. प्रयोग बहुतेकदा याच्या उलट सांगतात: लक्ष उडत नाही, ते नको तिथे जाऊन बसतं. सियान बेलॉक आणि टॉमस कार यांनी अनुभवी गोल्फरना आपल्याच फटक्याच्या पायऱ्यांकडे लक्ष द्यायला लावलं, तर त्यांचा नेम बिघडला. मध्येच येणारे आवाज ओळखण्याचं वेगळं काम दिलं, तर बिघडला नाही. एका प्रयोगात तर ‘अचूक मारा’पेक्षा ‘पटकन मारा’ म्हटल्यावर अनुभवी खेळाडू जास्त अचूक झाले. नवख्यांचं बरोबर उलटं झालं. भाकरी थापणाऱ्या आजीला विचारा, पीठ फिरवताना अंगठा कधी उचलतेस? ती सांगायला थांबेल आणि हातातली भाकरी चिरेल. वर्षानुवर्षांच्या सरावाने ती हालचाल मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांकडे आणि लहान मेंदूकडे सोपवलेली असते. दडपण आलं की वरचा साहेब घाबरून स्वतः खाली उतरतो आणि एकेक काम तपासू लागतो.

रिच मास्टर्स यांचा 1992 चा प्रयोग तर शिकवण्याच्या पद्धतीलाच हात घालतो. त्यांनी काही जणांना पटिंग सूचना देऊन शिकवलं. काही जणांना सूचना दिल्याच नाहीत. उलट शिकताना तोंडाने वाटेल ती अक्षरं बोलत राहायला लावलं, म्हणजे नियम बनवायला डोकं मोकळंच राहू नये. पुढे पैसे आणि परीक्षक यांचं दडपण आणल्यावर नियम शिकलेले अडले, नियम न शिकलेले सुधारतच राहिले. ज्याच्याजवळ नियमच नाहीत, त्याला ऐनवेळी आठवणार तरी काय!

बक्षीस मोठं केलं तर माणूस जास्त चांगलं काम करतो, ही समजूतही मदुराईजवळच्या खेड्यांत तपासली गेली. डॅन एरिअली आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना कौशल्याचे आणि आठवणीचे खेळ दिले. एका गटाला प्रत्येक खेळामागे 400 रुपयांपर्यंत मिळू शकत होते. तेव्हाच्या ग्रामीण भारतातल्या माणशी महिन्याच्या खर्चाच्या जवळ जाणारी ही रक्कम. सगळ्यांत वाईट खेळला तो हाच गट. व्यावसायिक गोल्फमध्ये त्याची वेगळी छटा दिसते. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइत्झर यांनी पंचवीस लाख पटिंग फटके तपासले. सारख्याच अंतरावरून, होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक जास्त होण्याचं नुकसान टाळण्यासाठी मारलेला फटका, एक फटका वाचवून कमाई करण्यासाठी मारलेल्या फटक्यापेक्षा जास्त वेळा आत जातो. फरक दोनएक टक्क्यांचाच, पण लाखो रुपयांच्या स्पर्धांमध्ये रोज दिसणारा.

सगळंच मात्र मनाच्या माथी मारू नये. गोल्फमध्ये ‘यिप्स’ नावाचं दुखणं आहे: छोटा पट मारताना मनगट अचानक झटका देतं. जर्मनीचा बर्नहार्ड लांगर कारकिर्दीत पुनःपुन्हा त्याच्याशी झुंजला. काहींच्या बाबतीत ती नुसती भीती असते, पण काहींना तो खरोखरचा चेतासंस्थेचा विकार असतो. लेखकांच्या किंवा वादकांच्या बोटांना जो आखडा येतो, त्या जातीचा. तिरंदाजांमध्ये याच्या शेजारचा प्रकार ‘टार्गेट पॅनिक’ म्हणून ओळखला जातो. नेम लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यावर येण्याआधीच बाण सुटतो, किंवा नेम पिवळ्यावर नेताच येत नाही. अशा मुलाला ‘मन खंबीर कर’ असं ओरडणं म्हणजे ताप आलेल्याला धाक घालणं. जाणते प्रशिक्षक त्याला लक्ष्याचा कागदच काढून कोऱ्या गवती भिंतीवर जवळून बाण मारायला लावतात आणि सुटण्याची क्रिया नव्याने बसवतात.

उपायांचा बाजार मोठा आहे. डोक्याला पट्टा बांधून महिन्याभरात चॅम्पियन करणारी ॲपं मी बाजूला ठेवतो. ज्यांच्यामागे बऱ्यापैकी पुरावा आहे ते उपाय स्वस्त आहेत. ठरलेला क्रम: श्वास, पाय, नजर, फटका, दरवेळी तसाच. सरावातच थोडं दडपण: प्रेक्षक, पैज, मोबाइलचं रेकॉर्डिंग. म्युनिकच्या युर्गेन बेकमान यांनी उजव्या हाताच्या फुटबॉल, तायक्वांदो आणि बॅडमिंटन खेळाडूंना दडपणाच्या क्षणाआधी डावी मूठ आवळायला लावली, तर त्यांचा खेळ टिकला. उजवी मूठ आवळणाऱ्यांचा घसरला. खेळाडू मोजकेच होते, पण मूठ आवळायला पैसे पडत नाहीत.

सगळ्यांत भरवशाची गोष्ट गॅब्रिएल वुल्फ यांनी दाखवली. लक्ष हातावर ठेवण्यापेक्षा काठीच्या झोक्यावर ठेवलं, तर गोल्फ शिकणारे लवकर आणि चांगलं शिकले. लक्ष शरीराबाहेर, परिणामावर ठेवण्याचा हा फायदा वस्तू दूर फेकण्याच्या खेळांतही दिसला आहे. पोलिस भरतीत गोळाफेकीला पंधरा गुण असतात, आणि साताऱ्या-सांगलीच्या मैदानांवर पहाटे तयारी करणाऱ्या पोरांना अजूनही ‘कोपर पाडू नको, मनगट वाकवू नको’ असंच ऐकायला मिळतं.

त्या ‘नको’चीही एक परीक्षा झालेली आहे. डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये लोकांना पटिंग करताना बजावलं, चेंडू होलच्या पुढे जाऊ देऊ नका. सोबत डोक्यात एक सहा आकडी संख्या धरून ठेवायला लावली. चेंडू पुढेच गेला. जे टाळायचं त्यावर मन आतून पाळत ठेवतं. वर ओझं पडलं की ताबा सुटतो आणि ते पाळत ठेवलेलंच वर येतं. तेव्हा भरतीच्या सकाळी दोरीपलीकडून पोराला काही ओरडून सांगायचंच असेल, तर कोपराचं नाव काढू नये. गोळा कुठे पडायला हवा, ती जागा बोटाने दाखवावी.