जिवंत जीवाश्म म्हणे! स्टर्जनच्या भावकीचा गुंता

2020 साली हंगेरीतून बातमी आली की रशियन स्टर्जन या माशाच्या अंड्यांवर अमेरिकन पॅडलफिश या वल्ह्यासारख्या लांब नाकाडाच्या माशाचे शुक्राणू पडले आणि पिल्लं झाली. लगेच 'राक्षसी संकर' वगैरे मथळे सुरू झाले. प्रत्यक्षात तो प्रयोगातला अपघात होता. शुक्राणूंनी अंड्याला नुसतं जागं करायचं, स्वतःचा डीएनए द्यायचा नाही, अशी एक पद्धत असते. संशोधक ती वापरत होते. तुलनेसाठी ठेवलेल्या अंड्यांवर पॅडलफिशचेच साधे, प्रक्रिया न केलेले शुक्राणू घातले होते. त्यातून काही निपजेल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. निपजली शेकडो पिल्लं.

राक्षसाचं सोडा, खरा प्रश्न निराळाच आहे. या दोन माशांचे पूर्वज सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. माणूस आणि उंदीर यांची फारकत त्याच्या निम्म्या काळापूर्वीची. मग इतक्या लांबच्या नात्यात हे जुळलं कसं?

स्टर्जन म्हणजे ज्याच्या खारवलेल्या, महागड्या अंड्यांना कॅव्हियार म्हणतात तो मासा. अंगावर हाडांच्या ढालींच्या पाच रांगा, लांब नाकाडाखाली चार मिशा, मोठेपणी तोंडात दात नाहीत. शेपटीचा वरचा भाग लांब, खालचा आखूड, अगदी शार्कसारखा. सांगाडाही बराचसा कूर्चेचा. या दिसण्याने भलेभले फसले. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1758 साली स्टर्जनला माशांत घेतलंच नाही. शार्क आणि पाकट यांच्याबरोबर त्याला उभयचरांच्या 'पोहणाऱ्या' गटात टाकलं! खरं तर स्टर्जनचे पूर्वज चांगले हाडाचे होते, कूर्चा हा नंतरचा बदल आहे. परांत (पोहण्याच्या पंखांत) काड्यांसारखे किरण असलेल्या माशांच्या वंशवृक्षावर आधी आफ्रिकेतल्या बिचिर माशांची फांदी फुटते, मग स्टर्जन-पॅडलफिशची, आणि उरलेल्या खोडावर गार, बोफिन आणि आज आपल्याला माहीत असलेले बहुतेक सगळे मासे. म्हणजे स्टर्जन शार्कपेक्षा ट्यूनाला जवळचा.

'जिवंत जीवाश्म' हा शब्द डार्विनचा, 1859 सालचा, आणि तोही त्याने 'जवळजवळ' असं म्हणत जपून वापरला होता. नंतरच्यांनी ते 'जवळजवळ' गाळलं आणि स्टर्जन कोट्यवधी वर्षं जसाच्या तसा आहे अशी समजूत करून घेतली. ढालींची ठेवण जुनी आहे, हे खरं. नॉर्थ डकोटात 6.6 कोटी वर्षांपूर्वी, लघुग्रह आदळला त्याच सुमारास गाडले गेलेले स्टर्जन सापडलेत. त्यांच्या कल्ल्यांत त्या आघातातून उडालेले काचेचे बारीक मणी अडकले आहेत, आणि ते मासे आजच्या स्टर्जनसारखेच दिसतात. पण आकाराचं काय? मध्य आशियातल्या अमुदर्या नदीतला बुटका स्टर्जन फूटभराच्या आत राहतो, तर बेलुगा ही स्टर्जनची जात टनाच्या वर जाते. 2013 च्या एका अभ्यासात असं दिसलं की आकार बदलण्याचा वेग या कुळात फार मोठा आहे. जीवाश्म म्हणवणाऱ्याच्या अंगात एवढी चपळाई!

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. थोडा किचकट आहे.

माणसाची गुणसूत्रं 46. स्टर्लेट या लहान स्टर्जनची सुमारे 120, रशियन स्टर्जनची सुमारे 250, शॉर्टनोज स्टर्जनची 360 च्या पुढे. या कुळात अख्खा जनुकसंच पुन्हा पुन्हा दुप्पट झाला आहे. एक हस्तलिखित घ्या आणि त्याची नक्कल करा. दोन्ही प्रती एकाच खोलीत आहेत, लेखनिक रोज एकीवरून दुसरी दुरुस्त करतो. अशा प्रती शतकानुशतकं सारख्याच राहतील. त्या वेगळ्या खोल्यांत गेल्या की चुका आपापल्या साठू लागतात. दुप्पट झालेल्या गुणसूत्रांचंही तसंच. एरवी दोनाच्या जोडीत असणारी गुणसूत्रं दुपटीने चार होतात. बीजपेशी तयार होताना ही चारही एकमेकांशी कशीही जोड्या लावतात, तुकडे बदलतात, त्यामुळे प्रती सारख्या राहतात. 'माझा जोडीदार ठरला' असं होऊन जोड्या पक्क्या झाल्या की मगच प्रती दुरावतात.

गंमत इथे आहे. दुप्पट होणं आणि जोड्या पक्क्या होणं यांत कोट्यवधी वर्षं जाऊ शकतात, आणि दरम्यान वंशाच्याच दोन शाखा होऊ शकतात. मग स्टर्जनमध्ये प्रती दुरावतात त्या वेगळ्या, पॅडलफिशमध्ये दुरावतात त्या वेगळ्या. जनुकांची वंशावळ काढली की स्टर्जनच्या दोन प्रती एकमेकींच्या सख्ख्या दिसतात, पॅडलफिशच्याही तशाच, आणि निष्कर्ष निघतो की दोघांत दुपटी स्वतंत्रपणे झाली. बरीच वर्षं असंच मानलं जात होतं. 2020 साली स्टर्लेटचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा दिसलं की त्याचे काही भाग दुरावलेत, काही अजून जोडीच्या गोंधळात आहेत. 2023 साली जनुकाजनुकाच्या वंशावळी तपासून दाखवून दिलं गेलं की दुपटी एकच, दोघांच्या सामाईक पूर्वजात, 20 कोटी वर्षांहून आधी झालेली. काही जनुकं शाखा फुटण्याआधी दुरावली, काही नंतर. म्हणून साक्षी दोन्हीकडच्या मिळत होत्या.

हंगेरीतल्या जुळणीचं कोडं यातून थोडं सुटतं. जादा प्रती असलेल्या अंड्याला परक्या गुणसूत्रांचा धक्का पचतो, शिवाय या कुळात जनुकं फार सावकाश बदलतात. ज्या पिल्लांत आईचा वाटा जास्त होता ती आईसारखी दिसत होती.

खुद्द स्टर्जनच्या आतली वर्गवारी तर आणखी मजेशीर. जवळच्या जाती एका प्रजातीत ठेवायच्या, हा नियम. बेलुगा आणि कालुगा दोन्ही अवाढव्य, रुंद तोंडाचे, मासे खाणारे. म्हणून दोघांची मिळून 'हुसो' ही प्रजाती केली. डीएनए म्हणतो, चूक. बेलुगा स्टर्लेटच्या जवळचा, तर अमूर नदीतला कालुगा पॅसिफिककडच्या स्टर्जनच्या जवळचा. मोठं तोंड दोघांनी आपापलं मिळवलं. खरं तर मत्स्यपालकांना याची चाहूल आधीच लागली असणार. 1952 साली सोव्हिएत संघात बेलुगा आणि स्टर्लेटचा संकर करून 'बेस्टर' तयार केला गेला आणि त्याची पिल्लंही पुढे वाढली. दुसरीकडे 'असिपेन्सर' या मोठ्या प्रजातीतले अटलांटिकचे दोन स्टर्जन उरलेल्या सगळ्यांपासून आधीच फुटलेले निघतात. म्हणजे ती प्रजातीही एकसंध नाही. तरीही पुस्तकांतून जुनी नावं बरीच वर्षं हटली नाहीत. जाता जाता, बेलुगा कॅव्हियारचा बेलुगा व्हेलशी काही संबंध नाही. 'बेलुगा' हा रशियन शब्द 'पांढरा' यावरून आलेला, इतकंच.

पॅडलफिशच्या फांदीवर दोनच जाती शिल्लक होत्या. यांगत्सेतला चिनी पॅडलफिश 2022 साली नामशेष जाहीर झाला. आता त्या फांदीवर एकटा अमेरिकन पॅडलफिश आहे, हंगेरीतल्या त्या पिल्लांचा बाप ज्या जातीतला, तोच.