सोनोग्राफीत बाळाचं वजन कमी आलं म्हणजे नेमकं काय आलं?

आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की सगळ्यांची नजर आधी वजनाच्या ओळीवर जाते आणि आकडा कमी वाटला की घरात सगळ्यांची झोप उडते. पण मशीन बाळाचं वजन करतच नाही. ते डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतं आणि मग सूत्रात आकडे घालून वजनाचा अंदाज काढतं. रिपोर्टवर हॅडलॉक लिहिलेलं असतं ना, ते बऱ्याचदा त्याच सूत्राचं नाव. हा अंदाज 10-15 टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणजे 2500 ग्रॅम लिहिलंय तिथे बाळ खरं 2200 चं पण असेल नाहीतर 2800 चं पण.

मला विचाराल तर या चारांत सगळ्यात जास्त बोलतो तो पोटाचा घेर. वारेतून (प्लॅसेंटातून) पुरवठा कमी पडायला लागला की बाळाच्या लिव्हरमधला साखरेचा साठा कमी होतो, लिव्हर लहान राहतं, कातडीखालची चरबी भरत नाही, आणि त्याच वेळी शरीर रक्त मेंदूकडे वळवतं त्यामुळे डोकं बरेच दिवस व्यवस्थित वाढत राहतं. म्हणून पोट मागे पडलेलं आधी दिसतं. गंमत म्हणजे नीट मोजायला अवघड पण हेच. पोटाचा आडवा छेद गोल यायला हवा, त्यात जठराचा काळा ठिपका आणि लिव्हरमधे वळणारी नाळेची शीर दिसायला हवी, प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात तो मशीनचा दांडा, जरा तिरका झाला किंवा जास्त दाबला की गोलाचा अंडाकार होतो आणि माप बदलतं. चांगला सोनोग्राफर म्हणूनच तेच माप दोन-तीनदा घेतो, वेळ लागला तर लागू द्या.

आता पर्सेंटाइल. 10 च्या खाली म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या 100 बाळांत सगळ्यात लहान 10 मधलं एक. त्यातली बरीचशी आईवडिलांसारखी मुळातच लहान चणीची आणि एकदम ठणठणीत असतात! 3 च्या खाली असेल तर मात्र डॉक्टर जास्त सावध होतात. आणि उलटं पण होतं, बाळ 70 वरून 20 वर घसरलं तर रिपोर्टमधे नॉर्मल दिसतं पण त्याची वाढ मंदावलेली असू शकते. त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा दोन सोनोग्राफींमधली चाल बघायची, आणि मधे निदान 2, शक्यतो 3 आठवडे जाऊ द्यायचे, कारण शेवटी शेवटी बाळ आठवड्याला साधारण 200 ग्रॅम वाढतं आणि मोजण्यातली चूकच त्याहून मोठी असू शकते, मग आठवड्याने परत मोजून काय कळणार?

हे सगळं बरोबर आठवड्यांवर उभं आहे. पाळीची तारीख दोन आठवडे चुकली तर चांगलं वाढणारं बाळ उगाच लहान ठरतं. पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट, ज्यात बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजलेली असते, त्यावरून आठवडे नीट ठरतात, म्हणून तो जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी सोबत न्या.

बाळ लहान दिसलं की डॉपलर करतात, त्यात रक्त कसं वाहतंय ते कळतं. वाढ 32 आठवड्यांनंतर मंदावायला लागली असेल तर नाळेचा डॉपलर बऱ्याचदा नॉर्मलच येतो, म्हणून मेंदूच्या धमनीचा पण बघतात. तिथल्या रक्तवाहिन्या सैल पडल्या असतील तर बाळ मेंदू वाचवायच्या मागे लागलंय असा अर्थ निघतो.

मग सगळ्यांचीच शेवटी सोनोग्राफी करावी का? केंब्रिजच्या 2015 मधे छापलेल्या अभ्यासात, गरज वाटली तरच केलेल्या सोनोग्राफीत लहान बाळांपैकी 20 टक्के सापडली, सरसकट केल्यावर 57 टक्के. पण नेदरलँड्समधे 13 हजारांवर कमी जोखमीच्या बायकांवर झालेल्या आणि 2019 मधे छापलेल्या अभ्यासात बाळं जास्त सापडूनही गंभीर त्रास काही कमी झाले नाहीत. म्हणून मला वाटतं, बीपी असेल, आधीचं बाळ लहान झालं असेल किंवा आईच्या पोटाची उंची आठवड्यांच्या मानाने मागे असेल तिथे सोनोग्राफी टाळूच नये, बाकीच्यांचं डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

मंदावलेली वाढ भरून काढणारं औषध अजून नाही, लक्ष ठेवून योग्य वेळी डिलिव्हरी करणं हाच मुख्य उपाय. आणि रिपोर्ट कितीही चांगला असू दे, बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटली तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका, लगेच दाखवा.