हाडाचा कॅन्सर आणि हाडातला कॅन्सर

रात्री साडेनऊला आमच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा एमआरआयचा लिफाफा घेऊन दारात उभा. "ताई, आईला आता हाडाचा कॅन्सरपण निघाला."

आठ वर्षांपूर्वी काकूंचं स्तनाचं ऑपरेशन झालं होतं. गेले तीन महिने कंबर धरली म्हणून त्या तेल चोळून घेत होत्या. मी परळला एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या, टेबलावर काम करते, त्यामुळे चाळीतले असले लिफाफे आधी माझ्याकडे येतात. रिपोर्टात दोन मणक्यांचे नंबर होते आणि शेवटी 'मेटास्टॅसिस'ची, म्हणजे कॅन्सर दुसरीकडून पसरून आल्याची शक्यता. त्याला म्हटलं, "तो 'पण' काढून टाक. हा दुसरा नाही, बहुतेक जुनाच आहे. मणक्यात गेलाय."

"म्हणजे हाडाचाच ना?"

नाही. आणि हा शब्दांचा कीस नव्हे.

मुंबईत कुणाची ओळख झाली की 'राहता कुठे'च्या पाठोपाठ 'गाव कुठलं' येतंच. लालबागेत चाळीस वर्षं काढलेला माणूसही 'आम्ही मालवणचे' म्हणतो. कॅन्सरचं नाव असंच गावावरून पडतं, राहत्या पत्त्यावरून नाही. स्तनातल्या दूधनळ्यांच्या अस्तरात जो सुरू झाला तो मणक्यात सापडला, तरी स्तनाचाच. हाड हा त्याचा नवा पत्ता.

हाडाचा स्वतःचा कॅन्सर वेगळा, आणि तसा दुर्मीळ. सगळ्या कॅन्सरांत शंभरात एकही भरत नाही. त्यातला ऑस्टिओसार्कोमा मुख्यतः उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात, दहा ते वीस वर्षांच्या मुलांत दिसतो आणि बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास, जिथे हाड सर्वांत वेगाने वाढतं तिथेच. गुडघा सुजतो, रात्री ठणकतो. घरचे म्हणतात क्रिकेट खेळताना लागलं असेल, आणि मालिश सुरू होते. मला सगळ्यात चीड येते ती या मालिशीची. कारण नसताना आठवड्यांमागून आठवडे टिकणाऱ्या सुजेचा आधी एक्स-रे काढावा, तेलाची बाटली नंतर. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या हाडात कॅन्सर दिसला तर मात्र डॉक्टर आधी दुसरीकडे शोधतात: स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड. नाहीतर मायलोमा, म्हणजे हाडाच्या पोकळीतल्या मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर. तोही लोकांच्या तोंडी 'हाडाचा'च होतो, पण मुळात रक्ताच्या घराण्यातला.

आता स्तनातली पेशी कंबरेत पोचते कशी? गाठीतल्या काही पेशी अस्तराखालचा पडदा फोडून रक्तात शिरतात. त्यातल्या बहुतेक वाटेतच मरतात. ज्या थोड्या हाडाच्या मज्जेत टेकतात, त्या कित्येकदा वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. काकूंची आठ वर्षं त्यात बसतात. पण हाडच का? 1889 मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी चाळल्या. कॅन्सर वाटेल तिथे जात नाही, ठरावीक अवयवच पकडतो, असं त्याला दिसलं. त्याने बी आणि जमीन हा दाखला दिला: बी सगळीकडे उडतं, रुजतं मानवणाऱ्या जमिनीत. ही जमीन कशी मानवते ते पुढे कळलं. आपलं हाड रोज थोडं खणलं जातं, थोडं नव्याने भरलं जातं. कॅन्सरच्या पेशी खणणाऱ्या पेशींना चिथावतात. हाड विरघळलं की त्यात साठलेली वाढीची द्रव्यं सुटतात, ती खाऊन कॅन्सर वाढतो आणि आणखी चिथावतो. म्हणून मणका पोकळ होऊन खचतो. प्रोस्टेटचा बहुधा उलटं करतो. तो हाड वेडंवाकडं भरत सुटतो, आणि एक्स-रेत ती जागा पांढरी दिसते.

आमच्या टेबलावर हा फरक डोळ्यांनी दिसतो. हाडाचा तुकडा तसाच कापला तर पातं मोडेल, म्हणून आधी तो द्रावणात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. घाईने तीव्र अॅसिडात टाकला तर पुढच्या तपासण्या बिघडतात, त्यामुळे 'रिपोर्ट अजून का नाही' या फोनला आमच्याकडे हेच उत्तर असतं. मग स्लाइड. ऑस्टिओसार्कोमात बिघडलेल्या पेशी स्वतःच कच्चं हाड विणत असतात, त्यांच्या भोवती गुलाबी जाळी दिसते. स्तनातून आलेल्यांत हाडाच्या गुलाबी पट्ट्या बाजूला आणि मधे परक्या पेशींचे पुंजके, कुठे कुठे नळीचा आकार धरू पाहणारे. शंका असली तर ईआर (पेशीतलं इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारं प्रथिन), गाटा-३ असे मार्कर, म्हणजे पेशींचं मूळ ओळखायचे रंग, लावतात. केंद्रकं तपकिरी झाली की गाव बरंचसं कळतं. अर्थात, एकट्या एका रंगावर कुणी सही करत नाही.

उपचार इथूनच फुटतात. ऑस्टिओसार्कोमात आधी केमो, मग हाडाचा तो भाग काढून शक्यतो पाय वाचवायचा, मग पुन्हा केमो. बायोप्सीची सुईसुद्धा पुढे ऑपरेशन करणाऱ्या टीमशी बोलूनच घालायची, कारण सुईची वाटही नंतर कापून काढावी लागते. स्तनाच्या कॅन्सरचा हाडातला मुक्काम ईआर पॉझिटिव्ह असेल तर बऱ्याचदा हार्मोनच्या गोळ्यांनी आवरतो. सोबत हाड धरून ठेवणारं झोलेड्रॉनिक अॅसिडचं इंजेक्शन (त्याआधी दात तपासून घ्यायचे, जबड्याला त्रास होऊ शकतो) आणि दुखऱ्या मणक्याला रेडिएशन. हा टप्पा चौथा. मुळापासून जाणं कठीण, पण कित्येक बायका यानंतरही वर्षानुवर्षं घर सांभाळताना मी पाहिल्यात. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं, मणक्यातली नस दबत असते.

"मग टाटाला हाडांच्या ओपीडीत नंबर लावू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आईची जुनी फाइल जिथली आहे तिथे, ब्रेस्टच्या डॉक्टरांकडे. आणि बायोप्सी नव्याने करायला सांगितली तर 'जुना रिपोर्ट आहे ना' म्हणून वाद घालू नकोस. आठ वर्षांत या पेशींचं ईआर बदललेलं असू शकतं. लालबागेतल्या मालवण्याची बोलीही थोडी मुंबईची होतेच की. त्याने लिफाफ्यावर पेनाने 'ब्रेस्ट ओपीडी, जुनी फाइल' असं लिहिलं आणि आईला काय सांगायचं हे विचारायला पुन्हा आत आला.