फोनवरून मोजलेलं स्थलांतर : पार्श्वभूमी

कोरोनाच्या टाळेबंदीत स्थलांतराचा जो अभ्यास झाला, त्यातला बराचसा फोनवरून झाला. त्याआधीची रीत गावात, मजूर-नाक्यावर, मजुरांच्या टोळीत जाऊन बसण्याची. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, हातोहाती व्हॉट्सॲप आलं. त्यामुळे मार्च २०२० मध्ये वाटा बंद झाल्या, तेव्हा ‘फोनवर विचारू’ हा निर्णय सोपा वाटला. नंबर कुठून आणायचे? अनेक ठिकाणी ते मदतीसाठी फोन केलेल्यांच्या याद्यांतूनच आले. ज्याचं रिचार्ज संपलं होतं, तो या यादीत येणार कसा?

पण खरा गुंता ‘स्थलांतरित’ या शब्दातच आहे आणि तो महासाथीच्या कितीतरी आधीचा आहे. जनगणना जन्माचं किंवा आधीच्या मुक्कामाचं ठिकाण पाहते. २०११ ला या व्याख्येत ४५ कोटींहून जास्त लोक बसले, त्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा वाटा फार मोठा. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने कामासाठीच्या अल्पकालीन स्थलांतराला एक ते सहा महिन्यांची मुदत घातली. २०२५ पर्यंत लागू असलेला १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा फक्त राज्याची हद्द ओलांडणाऱ्या, ठेकेदारामार्फत नेलेल्या मजुरांपुरता होता.

आता बीडचा ऊसतोड मजूर घ्या. दिवाळीच्या आगेमागे उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन मुकादमाबरोबर निघतो, कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या फडात राबतो, मार्च-एप्रिलला परततो. हंगाम लांबला की सहा महिन्यांची रेघ ओलांडली जाते. राज्य बदलत नाही, म्हणून त्या कायद्याच्या लेखी तो स्थलांतरित नव्हताच. एप्रिल २०२० मध्ये हे मजूर साखर कारखान्यांच्या तळांवर अडकले होते. राज्य सरकारने त्यांना गावी जायची वेगळी परवानगी दिली, ती परराज्यातल्या मजुरांना घरी नेणारी पहिली श्रमिक रेल्वे सुटण्याआधी. पुढे बातम्यांत ‘स्थलांतरित’ म्हणजे परराज्यातला, रेल्वेची वाट पाहणारा, असंच चित्र पक्कं झालं.

त्यात फोनने आणखी एक भोक पाडलं. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. काम दोघांचं, फोन मात्र बहुतेक वेळा एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात. तिला एकटीला गाठून विचारल्याशिवाय तिची बाजू कळत नाही; फोन स्पीकरवर आणि आजूबाजूला टोळी असताना ती काय सांगणार? अशा मुलाखतींना प्रत्यक्ष जाऊन केलेल्या क्षेत्रकामाइतकंच वजन देणं मला चुकीचं वाटतं. निदान ‘कुटुंबाचं उत्तर’ असं तरी त्याला म्हणायला नको होतं.

रस्त्यावरच्या चालत्या मजुरांचे व्हिडिओ हीही त्या काळाची साधनसामग्री झाली, त्यांतल्या माणसांची संमती न घेता.

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत केंद्र सरकारने सांगितलं, की टाळेबंदीत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम हे सरकारी पोर्टल आलं. तिथे घरबसल्या नाव घालायचं, तर आधारला जोडलेला मोबाइल नंबर लागे. तो नसेल, तर बोटांचे ठसे द्यायला सेवा केंद्र गाठायचं.