परजीवीशास्त्र शिकायचंय? अर्ज कुठल्या नावाने भरायचा, दाखले कुठले काढायचे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांच्या लघवीतून रक्त जात होतं. त्यामागे गोगलगायींमार्फत पसरणारा शिस्टोसोमा हा चपटा कृमी आहे, हे १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी मांडलं. नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून शरीरात जाऊन कातडीतून बाहेर येणारा लांब कृमी, आपल्या आजी-आजोबांनी डोळ्यांनी पाहिला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. हत्तीरोग विदर्भात अजून आहे, गडचिरोलीत मलेरिया आहे, संकरित गायींना गोचीड ताप आहे. हे सगळे रोग परजीवींचे, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात किंवा शरीरावर जगणाऱ्या जीवांचे. इतका घराजवळचा विषय, पण बीएस्सी झालेला विद्यार्थी प्रवेशाच्या यादीत 'परजीवीशास्त्र' शोधतो तेव्हा बहुतेक ठिकाणी ते नावच सापडत नाही. हा विषय दुसऱ्या विषयाच्या पोटात शिकवला जातो. अर्जही त्याच विषयाच्या नावाने करायचा असतो.

आत जायचे रस्ते तीन आहेत आणि तुमचा रस्ता पदवीवरून ठरतो. एमबीबीएस झालेल्यांनी नीट-पीजी देऊन एमडी सूक्ष्मजीवशास्त्र घ्यावं, परजीवीशास्त्र त्याचाच भाग आहे. बीव्हीएस्सी झालेल्यांसाठी पशुपरजीवीशास्त्र हा एमव्हीएस्सीचा स्वतंत्र विषयच आहे. आपल्याकडे नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं आहेत, राज्याबाहेर बरेलीजवळ इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे. तिसरा रस्ता प्राणीशास्त्रातल्या बीएस्सीवाल्यांचा. सगळ्यात जास्त मुलं त्यावर असतात आणि गोंधळही तिथेच जास्त, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल.

एमएस्सीचा अर्ज 'प्राणीशास्त्र' या नावाने भरायचा. त्याआधी त्या विभागाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि दुसऱ्या वर्षाचे ऐच्छिक विषय वाचा. परजीवीशास्त्र किंवा कृमिशास्त्र तिथे नसेल, तर प्रवेश मिळूनही दोन वर्षं मत्स्यशास्त्रात किंवा कीटकशास्त्रात जातील. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात कृमींच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. प्रवेशाला दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे जातीचे दाखले ठेवा. विद्यापीठ बदलत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्रही लागतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

पीएचडी आणि शिष्यवृत्तीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यायची, विषय जीवशास्त्र (लाइफ सायन्सेस). एमएस्सीला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५० टक्के. शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो, म्हणून थांबू नका. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला, म्हणजे जेआरएफला, वयाची अट आहे आणि महिलांना त्यात पाच वर्षांची सूट मिळते. ही सूट ठाऊक नसल्याने लग्नानंतर परत शिकू पाहणाऱ्या कितीतरी जणी अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. पेपर २०० गुणांचा, वेळ तीन तास. अभ्यासक्रमाच्या चौथ्या घटकात यजमान (ज्याच्या शरीरात परजीवी राहतो तो जीव) आणि परजीवी यांचं नातं येतं, पण ते पेशींच्या आणि रेणूंच्या भाषेत विचारलं जातं. नुसत्या कृमींच्या वर्गीकरणावर भागत नाही. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात.

आता दाखले. अर्ज अडतो तो बहुतेक इथेच. राज्याचा नॉन-क्रीमी लेयर दाखला विद्यापीठाच्या प्रवेशाला चालतो. नेट ही केंद्राची परीक्षा आहे, तिथे ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. विमुक्त आणि भटक्या जमातींपैकी बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून येतात. तिथे 'एनटी' असा रकाना शोधत बसू नका, आपल्या जातीची नोंद तपासा. मराठा समाजाचं राज्यातलं एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण नेटला लागू होत नाही. उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटींत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला काढा. तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात अर्ज करतानाच 'केंद्र शासनासाठी' असं स्पष्ट सांगा. न सांगितल्यास राज्याचाच नमुना हातात पडू शकतो आणि ते कळेपर्यंत मुदत गेलेली असते.

दुसरी अडचण नावाची. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा शेवटी. अर्जात दहावीप्रमाणे नाव घाला आणि बाकीची कागदपत्रं त्याला जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जवळ असू द्या. अर्ज भरल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस खिडकी उघडते, पण सगळे रकाने तेव्हा बदलता येत नाहीत.

नेटनंतर पीएचडीचा अर्ज त्या-त्या विद्यापीठाकडे किंवा संस्थेकडे वेगळा करावा लागतो. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक विद्यार्थी असू शकतात. म्हणून अर्जाआधी मार्गदर्शकांना ईमेल करून जागा रिकामी आहे का ते विचारा आणि कुठल्या परजीवीवर, कुठल्या गावातले किंवा कत्तलखान्यातले नमुने घेऊन काम करायचंय ते चार ओळींत लिहा. नोकरीत असाल तर कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र त्याच आठवड्यात मागा. सगळ्यात उशिरा हातात येणारा कागद तो असतो.