मूळ हवं की कॅसिनोतलं? देखाव्याची ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

(गणेश मंडळं, लग्नघरची मंडळी आणि स्नेहसंमेलनाच्या तयारीतल्या शाळांसाठी)

आयफेल टॉवर, व्हेनिसचा पूल, पिरॅमिड, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा असले देखावे नाशिकला आता नवे राहिलेले नाहीत. गंगापूर रोडच्या लॉन्सपासून सिडकोतल्या मंडळांपर्यंत सगळीकडून मागणी येते. येताना बहुतेक जण फोनमध्ये एक फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "दादा, सेम असंच पाहिजे." त्यांतले बरेच फोटो मूळ वास्तूचे नसतातच. ते असतात अमेरिकेतल्या लास व्हेगासचे, नाहीतर चीनमधल्या मकावचे. तिथल्या कॅसिनो हॉटेलांनी जगभरातल्या वास्तूंच्या मोठमोठ्या नकला बांधल्या आहेत आणि रात्रीच्या रोषणाईत त्या इतक्या देखण्या दिसतात की नेटवर शोधलं की आधी त्याच समोर येतात.

आम्हाला दोन्ही करता येतं आणि दोन्हीचं काम आम्ही आवडीनं करतो. घोळ होतो तो पुढे. पाइपची फ्रेम वेल्डिंग होते, प्लाय कापून होतो, रंगाचा पहिला हात बसतो आणि मग पॅरिसला जाऊन आलेले घरातले कुणी काका वर्कशॉपला येऊन सांगतात, "अहो, हा तो टॉवर नाहीच!" मग पाय बदला, मधला मजला खाली घ्या, मागचं हॉटेल काढा. सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीत जातो, आणि तारीख तर पुढे सरकत नाही. थर्माकोल होता तेव्हा रात्रीतून तुकडा बदलता यायचा. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे आपण प्लाय, बांबू, कापड आणि पुठ्ठ्यात काम करतो. चुकीच्या मापाने कापलेला प्लाय वाया जातो आणि तो भुर्दंड शेवटी तुमच्याच बिलात दिसतो.

फोटो ओळखताना मोठमोठ्यांची गफलत होते

यात कमीपणा वाटून घेऊ नका. अमेरिकेच्या टपाल खात्याने २०१० साली स्वातंत्र्यदेवीच्या चेहऱ्याचं तिकीट काढलं. फोटो छायाचित्रं विकणाऱ्या एजन्सीकडून घेतला होता. तिकीट विक्रीला आल्यावर पुढच्या वर्षी लक्षात आलं की हा चेहरा न्यूयॉर्क बंदरातल्या पुतळ्याचा नाही, लास व्हेगासच्या 'न्यूयॉर्क-न्यूयॉर्क' हॉटेलासमोरच्या अर्ध्या मापाच्या पुतळ्याचा आहे. तो पुतळा घडवणारे शिल्पकार रॉबर्ट डेव्हिडसन कोर्टात गेले. आपण केलेला चेहरा मूळ पुतळ्यापेक्षा वेगळा आहे, ते आपलं स्वतंत्र काम आहे, हे त्यांचं म्हणणं कोर्टाने मानलं आणि २०१८ मध्ये त्यांना सुमारे ३५ लाख डॉलर द्यायला लावले. ज्यांच्या देशाचा तो पुतळा, त्यांचीच अशी गत झाली.

चेहरा नीट पाहिला तर फरक कळतो. व्हेगासच्या पुतळ्याचे डोळे जास्त रेखीव आहेत, चेहरा तरुण वाटतो आणि मुकुटावर एक आयताकृती पट्टी दिसते. मूळ पुतळा बार्तोल्दी या फ्रेंच शिल्पकाराचा, १८८६ चा, तांब्याच्या पत्र्याचा. आज दिसणारा हिरवट रंग तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेल्या थराचा आहे. म्हणून मूळ पुतळा हवा असेल तर आम्ही सपाट हिरवा ऑइलपेंट मारत नाही. आधी तपकिरी हात, त्यावर स्पंजने हिरवट. वेळ जास्त लागतो, पण तोच रंग खरा दिसतो.

आयफेल टॉवर: पायांकडे बघा

सगळ्यात जास्त मागणी याचीच, म्हणून इथे जरा सविस्तर.

पॅरिसचा टॉवर १८८९ चा. उंची टोकावरच्या अँटेनासकट ३३० मीटर. चारही पाय मोकळ्या जमिनीवर, दगडी चौथऱ्यांवर टेकलेले आणि पायथ्याची एक बाजू १२५ मीटर. लास व्हेगासचा टॉवर १९९९ मध्ये उघडलेल्या 'पॅरिस' हॉटेलचा, साधारण निम्म्या मापाचा, १६५ मीटर. तो पूर्ण मापाचा बांधायचा विचार होता, पण विमानतळ जवळ असल्याने आटोपता घ्यावा लागला असं सांगतात. त्याचे तीन पाय कॅसिनोच्या छतातून आत उतरतात. मकावला २०१६ मध्ये 'पॅरिसियन' उघडलं, तिथलाही टॉवर निम्म्याच मापाचा आणि त्याच्या मागे हॉटेलची भलीमोठी भिंत. म्हणजे फोटोत पाय इमारतीत घुसलेले दिसले की व्हेगास, पाठीला चिकटून हॉटेल दिसलं की मकाव. शेजारीच विजयाची कमान दिसली तरी तो पॅरिसचा नाही समजा. पॅरिसमध्ये ती कमान टॉवरपासून दोन-एक किलोमीटर लांब आहे. व्हेगासवाल्यांनी ती दोन तृतीयांश मापात करून हॉटेलच्या दारातच उभी केली.

आता मापाचं. बरेच जण म्हणतात, "स्टेजवर चार फूट जागा आहे, टॉवर पंधरा फुटी करा." मूळ टॉवरच्या प्रमाणात पंधरा फूट उंचीला पायथा पावणेसहा फूट लागतो. चार फुटांत बसवला तर टॉवर राहत नाही, विजेचा खांब होतो. दुसरं म्हणजे मधला मजला. पॅरिसच्या टॉवरचा पहिला मजला ५७ मीटरवर, दुसरा ११५ वर, तिसरा थेट २७६ वर. म्हणजे दुसरा मजला एकूण उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. डोळ्याला तो निम्म्यावर असावा असं वाटतं आणि ग्राहक हमखास "जरा वर घ्या" म्हणतात. आम्ही वर घेत नाही. वर घेतला की टॉवरची ती निमुळती झेपच जाते.

व्हेनिस: नाव वाकडी नाही

लग्नांच्या सेटमध्ये सध्या व्हेनिसचा जोर आहे. १९९९ मध्ये व्हेगासला आणि २००७ मध्ये मकावला 'व्हेनेशियन' नावाची हॉटेलं उघडली. तिथे इमारतीच्या आत कालवे आहेत आणि छतावर आकाश रंगवलंय. व्हेगासच्या हॉटेलात रियाल्तो पूल आणि सेंट मार्क चौकाचा मनोरा एका नजरेत दिसतात. खऱ्या व्हेनिसमध्ये या दोन जागा वेगवेगळ्या, एकीकडून दुसरीकडे गल्ल्यांमधून चालत जावं लागतं. आपल्या रामकुंडाचा देखावा कुणी केला आणि दुतोंड्या मारुती पात्रातून उचलून बाजारात नेऊन बसवला, तर पंचवटीतलं लहान पोरही हसेल. व्हेनिस पाहून आलेल्या पाहुण्यांना तो पूल आणि मनोरा शेजारी पाहून अगदी तसंच वाटतं.

तो मनोराही गमतीचा आहे. मूळ मनोरा १९०२ साली अख्खा कोसळला आणि त्याच जागी, तसाच, १९१२ मध्ये पुन्हा उभा राहिला. पर्यटक आज ज्याच्यासमोर फोटो काढतात तोही एका अर्थी प्रतिकृतीच. पण जागा तीच, माप तेच, म्हणून त्याला कुणी नक्कल म्हणत नाही.

रियाल्तो पूल १५९१ चा, दगडी, पायऱ्यांचा, वर दुकानांच्या रांगा. व्हेगासच्या पुलावर पायऱ्यांऐवजी सरकता रस्ता आहे. वधूवरांची एन्ट्री पुलावरून असेल तर आम्ही स्वतःहून व्हेगासचा नमुना सुचवतो, कारण शालू नेसून पायऱ्या चढणं सोपं नाही.

आणि गोंडोला. गोंडोला लाल-सोनेरी करून मागतात, करून देऊ. पण व्हेनिसची गोंडोला काळीच असते आणि तिची डावी बाजू उजवीपेक्षा थोडी रुंद असते, कारण नावाडी मागे उभा राहून एकाच वल्ह्याने एकाच बाजूला वल्हवतो. आमचा सुतार ती तशीच बनवतो. डिलिव्हरीनंतर "नाव वाकडी झालीय" असा फोन येतो. ती वाकडी नाही, तिचा आकारच तसा.

पिरॅमिड

'लक्सरचा पिरॅमिड' म्हणून जो काळ्या काचेचा फोटो येतो ते १९९३ मध्ये उघडलेलं व्हेगासचं हॉटेल आहे. इजिप्तमधल्या लक्सर गावात देवळं आणि जवळच राजांच्या कबरी आहेत. प्रसिद्ध पिरॅमिड तिथून शेकडो किलोमीटरवर, कैरोजवळ गिझाला. हॉटेलासमोरचा स्फिंक्स (सिंहाचं धड आणि माणसाचं डोकं असलेला पुतळा) अखंड नाकाचा आणि मूळच्या २० मीटरपेक्षा बराच उंच आहे. गिझाचा करायचा असेल तर स्फिंक्स लहान ठेवायचा, नाक तुटलेलं, दगड पिवळसर. बारा फूट पायथ्याला मोठा पिरॅमिड साडेसात फुटांच्या जरा वर जातो. हॉलचं छत आधी मोजून ठेवा.

मग कुठला घ्यावा?

आमचं मत स्पष्ट आहे. मंडळाच्या देखाव्यात माहितीचा फलक असतो, मुलं तो वाचतात, शाळेत जाऊन सांगतात. तिथे मूळच वास्तू करावी, निदान फलकावर "लास व्हेगास येथील प्रतिकृतीवरून" असं लिहावं. फलकाचा मजकूर आम्ही तपासून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

लग्न, रिसेप्शन, वाढदिवस यांसाठी मात्र कॅसिनोची नक्कल बरेचदा सरस ठरते. त्या हॉटेलांसमोरही आपलाच प्रश्न होता, थोड्या जागेत दहा ठिकाणं बसवायची आणि माणसाला फोटो काढावासा वाटला पाहिजे. त्यांनी तो फार हुशारीने सोडवलाय. छताला रंगवलेलं सांजवेळेचं आकाश तर दुपारच्या लग्नालाही छान वाटतं. आमच्याकडे तसं कापडी छत भाड्याने मिळतं.

"नक्कलच तर आहे, एवढे पैसे कशाला?" हाही नेहमीचा प्रश्न. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा आठवा. ताजमहालाच्या मुख्य रचनाकाराच्या मुलाने, अताउल्लाने, त्याची रचना केली. ताजच्या मानाने पैसा फार थोडा होता. म्हणून खाली कमरेपर्यंत आणि वर घुमटाला संगमरवर, मधलं काम काळ्या दगडात चुन्याचा गिलावा देऊन. पैसा नजर पडते तिथे लावला. आम्हीही तेच करतो: समोरची बाजू, पायथा आणि डोळ्यांच्या उंचीपर्यंतचं काम पक्कं, मागची बाजू साधी. पण त्याच मकबऱ्याचे मिनार घुमटाला खेटून उंच झालेत आणि ताजचा मोकळेपणा त्यात आला नाही, हेही तितकंच खरं. साहित्य स्वस्त चालतं, प्रमाण चुकवून चालत नाही. आमच्या कोटेशनमध्ये ड्रॉइंगचे पैसे वेगळे दिसतात ते या प्रमाणासाठी.

ऑर्डर देताना

एकाच फोटोवर काम धरू नका. समोरून, बाजूने आणि शेजारी माणूस उभा असलेला, असे तीन आणा. ठिकाण माहीत नसेल तर आम्हाला विचारा, फोटो बघून तिथल्या तिथे सांगतो. बुकिंगच्या पावतीवर 'मूळ' किंवा 'कॅसिनो' असं लिहून खाली तुमची सही घेतली जाईल. घरात किंवा मंडळात ज्यांचा शब्द शेवटचा असतो त्यांनाच सहीला घेऊन या. सही झाल्याशिवाय आम्ही प्लायला करवत लावत नाही, घाई कितीही असली तरी. ड्रॉइंगवर बदल कितीही सांगा, ते मोफत. कटिंग सुरू झाल्यावरच्या बदलाचे पैसे पडतील.

जागा मोजायला आमचा माणूस नाशिक शहरात कुठेही विनामूल्य येतो. गणपतीच्या देखाव्याची ऑर्डर आषाढी एकादशीपर्यंत द्यावी. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा असतील तर दसऱ्याआधी. रियाल्तो पूल, विजयाची कमान आणि दोन गोंडोला तयार आहेत, भाड्यानेही मिळतील. येण्याआधी फोन करून वर्कशॉपला प्रत्यक्ष बघून जा.