फुटबॉल पंचांचा विवेकाधिकार
नियम कुठे काटेकोरपणे लावायचा आणि कुठे खेळ चालू ठेवून, समज देऊन किंवा क्षणभर थांबून सामना ताब्यात ठेवायचा, हे ठरवण्याचा फुटबॉल पंचाचा अधिकार. या कौशल्याला पंचांच्या प्रशिक्षणात सामना-व्यवस्थापन म्हणतात. प्रेक्षकांना ही बरेचदा पंचाची मर्जी वाटते, पण हा अधिकार नियमांनीच दिलेला आहे. खेळाचे १७ नियम इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड (इफाब, स्थापना १८८६) ठरवते. त्यांतला पाचवा नियम पंचाविषयी आहे. पंचाने नियमांबरोबर खेळाचा आत्माही ध्यानात घेऊन निर्णय द्यावा, असे तो सांगतो.

‘ॲडव्हान्टेज’ हे या अधिकाराचे सर्वांत ठळक रूप. फाउल झाला तरी ज्याच्यावर झाला त्या संघाचा फायदा होत असेल, तर पंच शिट्टी वाजवत नाही. फायदा काही सेकंदांत हाती आला नाही, तर मूळ फाउल देता येतो. फायदा देऊनही खेळ थांबल्यावर दोषी खेळाडूला कार्ड दाखवता येते. फाउलची प्रतही पंचच ठरवतो. नुसता निष्काळजीपणा असेल तर फ्री किक पुरते, समोरच्याला होणाऱ्या इजेची पर्वा न करता केलेल्या टॅकलला पिवळे कार्ड आणि प्रमाणाबाहेर जोर लावला तर लाल. मात्र काही ठिकाणी पर्याय नसतो. गोल केल्यावर जर्सी काढणाऱ्याला पिवळे कार्ड दाखवावेच लागते, मग गोल कितीही मोलाचा असो.

कार्ड हे खरे तर शेवटचे साधन. शिट्टीचा जोर, चेंडूपासूनचे अंतर, भांडण पेटण्याआधी दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहणे, कर्णधाराला बाजूला घेऊन बोलणे ही त्याआधीची साधने होत. १९६६च्या विश्वचषकात इंग्लंड–अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अँतोनिओ रात्तिन याला बाहेर काढले. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती आणि रात्तिन मैदान सोडायला तयार नव्हता. त्या स्पर्धेत पंचांची जबाबदारी सांभाळणारे केन ॲस्टन यांना लंडनमध्ये गाडी चालवताना सिग्नलच्या दिव्यांवरून रंगीत कार्डांची कल्पना सुचली. १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डे प्रथम वापरली गेली.

केवळ कार्डांनी सामना आटोक्यात येतोच असे नाही. २००६च्या विश्वचषकात न्युरेंबर्गला पोर्तुगाल–नेदरलँड्स सामन्यात रशियाचे पंच व्हॅलेंतिन इव्हानोव्ह यांनी १६ पिवळी आणि ४ लाल कार्डे दाखवली, तरी मारामारी थांबली नाही. याच्या उलट चूक २०१०च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झाली. नेदरलँड्सच्या नायजेल डी यॉन्गने स्पेनच्या शाबी अलोन्सोच्या छातीवर लाथ मारली. इंग्लंडचे पंच हॉवर्ड वेब यांनी पिवळे कार्ड दाखवले. ते लालच हवे होते, हे त्यांनी नंतर मान्य केले. खेळाडूच्या शरीराला धोका असतो तिथे समजुतीला जागा नाही, ही विवेकाधिकाराची पहिली मर्यादा मानायला हवी.

दुसरी मर्यादा हेतूची. २ मे २०१६ रोजी चेल्सी–टॉटनहॅम सामना २–२ असा सुटला आणि लेस्टर सिटीचे प्रीमियर लीग विजेतेपद निश्चित झाले. टॉटनहॅमच्या ९ खेळाडूंना पिवळे कार्ड मिळाले, पण बाहेर कोणालाच काढले गेले नाही. विजेतेपद गमावल्याचे खापर आपल्यावर फुटू नये म्हणून टॉटनहॅमला आपल्याच हाताने नुकसान करून घेऊ दिले, असे पंच मार्क क्लॅटनबर्ग यांनी २०१७ मध्ये सांगितले. इथे सामन्याची काळजी मागे पडली आणि स्वतःच्या नावाची पुढे आली, म्हणून याला व्यवस्थापन म्हणता येत नाही.

भारतातले गाजलेले उदाहरण इंडियन सुपर लीगमधले आहे. ३ मार्च २०२३ रोजी बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर अतिरिक्त वेळेत, केरला ब्लास्टर्सची भिंत उभी राहण्याआधीच सुनील छेत्रीने फ्री किक गोलमध्ये धाडली. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. झटपट फ्री किक घेण्याची मुभा नियमात आहे. पण आक्रमक संघाने ९.१५ मीटर अंतर मागितले असेल किंवा पंचाने शिट्टीसाठी थांबायला सांगितले असेल, तर शिट्टीआधी किक घेता येत नाही. त्यामुळे अशा क्षणी पंचाचा इशारा दोन्ही संघांना एकसारखा कळणे फार महत्त्वाचे असते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ब्लास्टर्सचा निषेधअर्ज फेटाळला आणि क्लबला ४ कोटी रुपये दंड केला.

शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जड असेल, तर पंच तो नियम लावायचेच टाळतात. गोलकीपरने चेंडू ६ सेकंदांहून जास्त हातात ठेवल्यास गोलजवळून इनडायरेक्ट फ्री किक देण्याचा नियम असाच बाजूला पडला होता. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये कॅनडा–अमेरिका महिला उपांत्य सामन्यात नॉर्वेच्या क्रिस्टिना पेडरसन यांनी तो लावला. त्या फ्री किकवर हँडबॉल होऊन पेनल्टी मिळाली, अमेरिकेने बरोबरी साधली आणि पुढे सामना ४–३ असा जिंकला. नियम होताच, पण एरवी कोणी लावत नसल्याने कॅनडाला तो अन्याय वाटला. इफाबने २०२५ मध्ये मुदत ८ सेकंद केली, शिक्षा कॉर्नर किकवर आणली आणि शेवटचे ५ सेकंद पंचाने हात वर करून मोजून दाखवावेत असे ठरवले.